संस्थेच्या कागदावर

आमच्या वाचकांच्या बहुतेक घरांत कोणी ना कोणी एखाद्या संस्थेचा सभासद असतोच. कोणी ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळावर, कोणी शाळेच्या नियामक मंडळावर, तर घरांतील थोरल्या सूनबाई भगिनीमंडळाच्या चिटणीस. ह्या मंडळींच्या हातीं पहिल्याच दिवशीं एक वस्तु येते, आणि तिचें भय मात्र त्यांना कोणी शिकवीत नाहीं. ती वस्तु म्हणजे संस्थेचें नांव छापलेला कोरा कागद. त्यावर उमटलेलें अक्षर लिहिणाराचें राहत नाहीं. तें संस्थेचें होतें. आपण रागाच्या भरांत लिहितों आणि विसरूनही जातों. दप्तर विसरत नाहीं.

आपल्या पूर्वजांना ही जाणीव चांगली होती. शिवछत्रपतींच्या पत्रांच्या अखेरीस एक लहानशी मर्यादेची मुद्रा आढळते. मजकूर येथें संपला, ह्यापुढें कोणीं कांहीं वाढवूं नये, हा तिचा हेतु. मायन्यांत कोणास ‘राजमान्य राजश्री’ लिहावें आणि कोणास ‘तीर्थरूप’, हें वडिलांनीं आमच्याकडून लहानपणीं घोकून घेतलें होतें. पण मायना हा पत्राचा पोशाख. नखशिखान्त सभ्य मायन्याखालीं मनस्वी असभ्य मजकूर लिहिणारे महाभाग आम्हीं पाहिले आहेत. हल्लीं तर कागदाची जागा भ्रमणध्वनीवरील निरोपांनीं घेतली असून, पाकीट चिकटविण्यापुरताही अवकाश विचाराला उरलेला नाहीं.

ह्या बाबतींत नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांची १८९७ सालची हकीकत आम्हांस वारंवार आठवते. वेल्बी कमिशनापुढें साक्ष देण्याकरितां ते विलायतेस गेले होते. इकडे पुण्यांत प्लेगच्या बंदोबस्तासाठीं गोरे सोजीर घरोघर झडत्या घेत होते आणि लोक संतापले होते. पुण्याच्या मित्रांनीं पत्रें पाठविलीं, त्यांत सोजिरांनीं स्त्रियांवर अत्याचार केल्याचा मजकूर होता. लिहिणारे विश्वासांतले, म्हणून गोखल्यांनीं तो ‘मँचेस्टर गार्डियन’च्या द्वारें जाहीर केला. सरकारनें पुरावा मागितला. परत आल्यावर पाहतात तों पुरावा देण्यास कोणी पुढें येईना. पत्रलेखकांचीं नांवें सांगून स्वतः मोकळें होणें गोखल्यांच्या हातीं होतें; तें त्यांनीं केलें नाहीं. ऑगस्टांत त्यांनीं बिनशर्त जाहीर माफी मागितली, आणि त्याबद्दल स्वकीयांचाच रोष पत्करला. झडत्यांत जुलूम झालाच नाहीं, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु जें सिद्ध करितां येत नाहीं तें चारचौघांत सांगितलें म्हणजे खऱ्या गाऱ्हाण्याचेंही बळ जातें, हें त्या प्रकरणांत दिसलें.

१२ जून १९०५ रोजीं गोखल्यांनीं पुण्यास भारत सेवक समाज स्थापिला. सभासदांच्या सात प्रतिज्ञांत एक अशी आहे कीं, आपण कोणाशींही व्यक्तिगत भांडण करणार नाहीं. देशसेवेच्या व्रतांत हें कलम पाहून कोणास हसूं येईल. ज्यानें एखादी समिति चालविली आहे, त्यास येणार नाहीं. पुढें १९१५ सालीं गांधीजी आफ्रिकेहून परतले, तेव्हां वर्षभर देश पाहावा व तोंवर सार्वजनिक प्रश्नांवर बोलूं नये, असें वचन गोखल्यांनीं त्यांच्याकडून घेतलें.

आम्ही एका लहान शिक्षणसंस्थेचे चिटणीस असतांना घडलेला प्रकार सांगतों. एका सभासदांनीं संस्थेच्या कागदावर एका देणगीदारांस कळविलें कीं, इमारतफंडांत कारकुनांनीं अफरातफर केली आहे. आधार काय, तर कोणी तरी बोलतांना कानीं आलें! गांव लहान, पत्रांतील मजकूर चार दिवसांत कारकुनांच्या व्याह्यांपर्यंत पोंचला. चोवीस वर्षें नोकरी केलेल्या त्या गृहस्थांनीं वह्या आमच्या टेबलावर ठेविल्या, त्यांवर राजीनामा ठेविला, आणि एक शब्द न बोलतां ते निघून गेले. हिशेबतपासनिसांनीं दोन दिवस वह्या चाळल्या. एका रुपयाचाही फरक निघाला नाहीं.

मग सभा बसली. एक पक्ष म्हणे, माफी मागितल्यास संस्थेची अब्रू जाईल. तें पत्र खाजगी समजावें. आम्हीं एवढेंच विचारलें, “कागद कोणाचा?” दोन तासांच्या वादानंतर एका मतानें ठराव झाला. मसुदा करतांना संबंधित सभासदांचा आग्रह असा कीं, ‘गैरसमजानें’ हा शब्द घालावा, आणि ‘मन दुखावलें असल्यास’ असें म्हणावें. दोन्ही आम्हीं घालूं दिलें नाहीं. मन दुखावलेंच होतें. त्यांत ‘असल्यास’ कसलें? शेवटीं तीन वाक्यें राहिलीं: काय लिहिलें गेलें, तें खोटें होतें, आणि संस्थेस त्याचा खेद आहे. एक प्रत देणगीदारांस गेली, एक कारकुनांस.

कारकून कामावर परत आले नाहींत. आठवड्यानें त्यांचें दोन ओळींचें पत्र आलें. नेहमींचा नीटस मायना, खालीं तारीख. माफीपत्राची आणखी एक प्रत, शिक्क्यासह, मिळाल्यास उपकार होतील. मुलीच्या सासरीं दाखवावयाची आहे. आम्हीं ती स्वतःच्या हातानें लिहिली, शिक्का मारला, आणि त्याच दुपारीं टपालांत टाकली.