कोरडा पाषाण

दोन लिटर म्हशीचं दूध गॅसवर चढलं आणि मी लिंबं कापायला घेतली, की सासूबाई स्वयंपाकघरातून उठून जातात. चांगलं दूध हातानं नासवायचं, हे त्यांना बघवत नाही. त्यांच्या लेखी दूध नासणं हा अपघात. उन्हाळ्यात झालाच, तर साखर घालून आटवायचं, वड्या थापायच्या आणि शेजारी वाच्यता न करता संपवायच्या. त्या नासक्याला वेगळं नाव देण्याची गरज कुणाला वाटली नव्हती. पनीर हे नाव फारसीतलं. पेशवा, फडणवीस, दुकान हे शब्द त्याच वाटेनं आले आणि कधीच घरचे झाले. पनीर मात्र आमच्या उंबऱ्यावर फार काळ ताटकळलं, आणि शेवटी आत आलं ते पंजाबी हॉटेलाच्या मेनूकार्डावर बसून.

उकळी आली की मी गॅस बंद करते आणि लिंबाचा रस चमच्याचमच्यानं सोडते. पहिले दोन चमचे दूध ढिम्म. तिसऱ्याला कडेनं बारीक कण दिसायला लागतात आणि चौथ्याला एकदम सगळं फाटतं. पांढरे गोळे वेगळे, हिरवट पिवळी निवळी वेगळी. तो हिरवटपणा ब-२ जीवनसत्त्वाचा, भांडं कळकल्याचा नव्हे. पहिल्यांदा केलं तेव्हा मी अख्खं पातेलं ओतून देणार होते. इथंच हात आवरावा लागतो. फाटल्यावरही उकळत ठेवलं तर गोळे चिवट, लिंबू जास्त झालं तर आंबटढाण. मलमलच्या फडक्यात गाळून गार पाण्यानं धुवायचं, मीठ चोळायचं, पुरचुंडी बांधायची आणि तिच्या उरावर पाण्यानं भरलेला कुकर. अर्ध्या तासानं फडकं सोडलं की चारशे ग्रॅमच्या आसपासची एक पांढरी वडी हाती येते. अंगावर मलमलीच्या विणीचे ठसे, कडा जरा फाटक्या. दोन लिटर दुधाचा ऐवज एवढाच.

स्वभाव म्हणाल तर स्वारी अबोल. चीज आचेवर पाघळतं, लोळण घेतं, तारा काढून दाखवतं. पनीर तसं काही करत नाही. तापलेलं दूध आंबटानं फोडलं की त्यातलं कॅल्शियम बरंचसं निवळीबरोबर निघून जातं आणि प्रथिनं एकमेकांना जी मिठी मारतात, ती आचेनं सुटत नाही. उलट जास्त ताव दिला की अंगातलं पाणी पिळून टाकून ते खोडरबर होऊन बसतं. मसाल्यात दोन तास बुडवून ठेवा आणि एक तुकडा सुरीनं कापून बघा: बाहेरून केशरी, आत पांढराशुभ्र. मीठसुद्धा आपणहून फारसं आत जात नाही, म्हणून तर मी ते दाबण्याआधीच घालते. लोकांच्या ताटात ब्रह्मज्ञान वाढणारा हा कोरडा पाषाण.

आणि सगळ्या अपेक्षा मात्र त्याच्याकडूनच. मटण खाणाऱ्या दोस्तांत बसलेल्या शाकाहाऱ्याची अब्रू पनीरनं राखायची. लग्नाचं जेवण भारी होतं की नाही, हे वाढप्याच्या डावात किती तुकडे आले त्यावर ठरायचं. हॉटेलवाले तर एकाच लाल रश्श्यात त्याला बुडवून कधी कोल्हापुरी म्हणतात, कधी तुफानी, कधी अंगारा. कोल्हापूरनं हे कसं सहन केलं कोण जाणे. नियमानं पनीरच्या अंगात ६० टक्क्यांहून जास्त पाणी नको आणि सुक्या भागात निम्मी तरी दुधाची स्निग्धता हवी. तरी वनस्पती तेलापासून केलेला त्याचा तोतया बाजारात हिंडतोच. पेशवाईतल्या भाऊसाहेबांचा तोतया निदान पकडला तरी गेला.

परवा नणंदेचा मुलगा राहायला आला. पाय धुण्याआधी म्हणाला, “मामी, पनीर कर ना. पण हॉटेलात असतं तसं हं!”

मी तेव्हाच सांगून टाकलं, “घरात केलंय म्हणजे घरासारखंच लागणार.” हॉटेलातल्या त्या चवीत पनीरचा वाटा किती? लोणी, क्रीम, काजूची पेस्ट, चिमूटभर साखर आणि कसुरी मेथी, हे सगळं जमलं तर भोपळ्याचीही बोटं चाटतील. शिवाय मी पालक आणला होता. पानं उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, लगेच गार पाण्यात, मग मिक्सर. लसूण परतून त्यात हिरवा गोळा घातला आणि गॅस बंद करता करता पनीर सोडलं. तळायचं नाही, हा माझा हट्ट. तळून वर सोनेरी दिसतं खरं, पण मऊपणा जातो.

सासूबाई येऊन पातेल्यात डोकावल्या. “अगं, ही तर आपली पातळभाजीच. शेंगदाण्यांच्या जागी हे.”

भाच्याचा चेहरा हिरवा रंग बघूनच पडला होता. तरी डाव फिरवून त्यानं सात तुकडे शोधून काढले. रस्सा तसाच निथळू दिला. मी वडीचे वीस केले होते, आम्ही माणसं चार. मोजणी सगळ्यांच्याच मनात चालू होती, बोललं कुणी नाही. यजमानांनी मोठेपणानं तीनच घेतले आणि मग माझ्या वाटीकडं बघत राहिले.

“कसं झालंय?” शेवटी मीच विचारलं.

“मऊ आहे,” भाचा म्हणाला. हा प्रामाणिक मुलगा पुढं काही बोलला नाही. पोळीचा तुकडा मोडता मोडता मात्र तो थांबला. “आजी, पोळी कसली भारी झालीय आज! काय घातलंस?”

पातेलंभर निवळी मी ओट्यावर ठेवली होती. ती तिथं नव्हती.

“घालायचंय काय? दूधच ते. फेकायचं कशाला?” असं म्हणून सासूबाईंनी माझ्याकडं न बघता त्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.