डब्लिनमधील आमचे बारा दिवस

आम्ही उभयता आयर्लंडच्या राजधानीस जात आहोत हे कळल्यावर सराफकट्ट्यावरील एका स्नेह्यांनी विचारले, "तेथे तुम्ही काय पाहणार? ते तर पबांचे गाव!" प्रश्नात थट्टा होती, पण तथ्यही होते. डब्लिनविषयीचे कोणतेही प्रवासपुस्तक उघडावे, तर निम्मी पाने मद्याच्या वर्णनाने भरलेली असतात. आमची कन्या चार वर्षांपासून तेथे नोकरीस आहे, म्हणून गेल्या जूनमध्ये जाणे घडले. आपल्या वाचकांपैकी अनेकांची मुले आता तिकडे शिक्षणासाठी अथवा नोकरीसाठी जात आहेत. मद्य वर्ज्य असलेल्या, सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्या कुटुंबास हे नगर कसे दिसते, हे सांगावे एवढ्याच हेतूने हा लेख.

माझी चौतीस वर्षे बँकेत गेली. त्यामुळे पहिल्याच सकाळी पाय वळले ते कॉलेज ग्रीन चौकातील बँक ऑफ आयर्लंडच्या इमारतीकडे. अर्धवर्तुळाकार स्तंभपंक्ती आणि रस्त्याकडे एकही खिडकी नसलेल्या भिंती असलेली ही वास्तू मुळात बँकेसाठी बांधलेली नाही. 1729 साली एडवर्ड लव्हेट पिअर्स या वास्तुविशारदाने आयर्लंडच्या संसदेसाठी तिचे काम सुरू केले. पुढे 1800 च्या कायद्याने आयर्लंड ब्रिटनशी जोडले गेले, आयरिश संसद विसर्जित झाली आणि रिकामी इमारत 1803 मध्ये बँकेने चाळीस हजार पौंडांना विकत घेतली. येथे पुन्हा संसद भरू नये अशी सरकारची इच्छा असल्याने कनिष्ठ सभागृह मोडून टाकण्यात आले. वरिष्ठ सभागृह मात्र तसेच राहिले. ओकच्या लाकडाचे काम, भिंतींवर युद्धप्रसंगांचे विणलेले पडदे आणि 1,233 काचतुकड्यांचे झुंबर असलेले ते दालन आम्ही विनामूल्य पाहिले. एका राष्ट्राची संसद विकली गेली आणि तेथे रोखपालांचे काउंटर आले, ही गोष्ट बँकेच्या माणसालाही सुखद वाटत नाही. मी तेथे बराच वेळ उभा होतो.

समोरच ट्रिनिटी कॉलेज आहे, स्थापना 1592. येथील ‘बुक ऑफ केल्स’ हा इसवी सन 800 च्या सुमाराचा ग्रंथ पाहण्यास जगभरातून लोक येतात, म्हणून तिकीट आधी काढून ठेवावे. चार शुभवर्तमानांची ही लॅटिन प्रत वासरांच्या कातड्यावर लिहिलेली आहे हे कळल्यावर सौ. क्षणभर थबकली. ताडपत्रांवरील आपल्या पोथ्यांची सवय असलेल्या डोळ्यांना ते जड जाते. परंतु अक्षरांची आणि वेलबुट्टीची सूक्ष्मता पाहून, ती लिहिणाऱ्याचे चित्त किती स्थिर असेल, असे उद्गार तिनेच काढले.

ज्यांना एकाच संग्रहालयासाठी वेळ असेल त्यांनी डब्लिन कॅसलच्या आवारातील चेस्टर बीटी ग्रंथालय चुकवू नये. खाणउद्योगात संपत्ती मिळवलेल्या या अमेरिकन गृहस्थाने आयुष्यभर हस्तलिखिते जमवली, 1950 मध्ये डब्लिनला स्थायिक झाला आणि सारा संग्रह या देशास दिला. प्राचीन पपायरस, कुराणाच्या सुंदर प्रती आणि मोगल चित्रे तेथे आहेत. प्रवेश विनामूल्य आहे.

आता आपल्या मातीशी संबंध असलेल्या दोन जागा. फिनिक्स पार्क या सातशे हेक्टरांहून मोठ्या उद्यानात, जेथे हरणांचे कळप मोकळे फिरतात, बासष्ट मीटर उंचीचा वेलिंग्टन स्तंभ उभा आहे. त्याच्या पायथ्याशी असलेल्या काशाच्या फलकांपैकी एक भारतातील युद्धांचा आहे. हा वेलिंग्टन म्हणजेच आर्थर वेलस्ली. तो डब्लिनचा, आणि 1803 च्या सप्टेंबरात असईच्या रणात शिंदे-भोसल्यांच्या सैन्याचा त्याने पराभव केला. शाखातपासणीसाठी जालना जिल्ह्यात हिंडताना असईच्या फाट्यावरून मी कितीदा तरी गेलो असेन. त्या गावातल्या लढाईचे श्रेय इतक्या दूर काशात ओतलेले पाहावे लागेल हे तेव्हा स्वप्नातही नव्हते.

दुसरी जागा किल्मेनहॅमचा तुरुंग. एप्रिल 1916 च्या उठावानंतर मे महिन्यात चौदा नेत्यांना येथे गोळ्या घालण्यात आल्या. त्याच एप्रिलमध्ये बेळगावी लोकमान्यांनी होमरूल लीग स्थापिली, आणि ‘होमरूल’ हा शब्दच मुळी आयर्लंडच्या चळवळीतून आलेला. मार्गदर्शक तरुणीस मी हे सांगितले, तेव्हा तिने टिळकांचे नाव वहीत लिहून घेतले.

लिफी नदीवरील हेपनी ब्रिज पाहताना कोणाही व्यापाऱ्यास हसू येईल. विल्यम वॉल्श नावाच्या नावाड्यांच्या ठेकेदारास नगरपालिकेने बजावले, एकतर मोडक्या नावा दुरुस्त कर किंवा पूल बांध. त्याने हिशेब केला, 1816 मध्ये लोखंडी पूल उभारला आणि माणशी अर्धा पेनी पथकर लावला. तो कर 1919 पर्यंत चालू होता!

त्याच नदीकाठी, कस्टम हाऊसजवळ, मन सुन्न करणारी काही शिल्पे आहेत. रोवन गिलेस्पी यांनी 1997 मध्ये घडवलेल्या या कृश आकृती गाठोडी छातीशी धरून बंदराकडे निघाल्या आहेत. 1845 ते 1852 या काळात बटाट्यावर रोग पडला आणि सुमारे दहा लक्ष माणसे भूक व साथींनी दगावली; तितकीच देश सोडून गेली. आपल्या घरांत कंदमूळ येत नाही, त्यामुळे बटाटा म्हटले की आपण तो वर्ज्य पदार्थ म्हणून सोडून देतो. येथे मात्र गरीब कुळाजवळ दुसरे काही नव्हते. पिकवलेले धान्य आणि पाळलेली जनावरे जमीनदाराचा खंड भरण्यासाठी विकायची आणि स्वतः बटाट्यावर जगायचे. तो कुजला तेव्हाही धान्याची जहाजे इंग्लंडकडे जातच होती. 1841 च्या शिरगणतीत या बेटाची लोकसंख्या ब्याऐंशी लक्षांच्या आसपास होती. आजही ती तेथवर पोहोचलेली नाही. त्या दुष्काळात अन्नछत्रे उघडून ज्यांनी धर्मांतराची अट न घालता जेवू घातले, त्यांत क्वेकर पंथाचे व्यापारी अग्रभागी होते. संख्येने थोडे, युद्धास विरोध करणारे, व्यापारात एकभावी आणि मद्यापासून दूर राहणारे हे लोक. ग्राफ्टन स्ट्रीटवरील बेव्लीज कॅफे अशाच एका क्वेकर चहाव्यापारी घराण्याचा. 1927 मध्ये उघडलेल्या त्या वास्तूत हॅरी क्लार्क यांच्या रंगीत काचांच्या खिडक्यांखाली बसून चहा अवश्य घ्यावा.

आता पबाविषयी. तो विषय टाळून डब्लिनवर लिहिणे म्हणजे पंढरपूरविषयी लिहून वारीचा उल्लेख न करणे होय. कन्येला त्याच आठवड्यात बढती मिळाली. शुक्रवारी सायंकाळी तिच्या सहकाऱ्यांनी एका पबात तिचा कौतुकसोहळा ठरवला आणि आम्हां दोघांनाही बोलावले. ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही आणि मम्मी आलात तर मला फार बरे वाटेल. नाही आलात तरी मी समजू शकते." या दुसऱ्या वाक्यानेच अधिक पंचाईत केली. माझ्या वडिलांचे तालुक्याच्या गावी किराणा दुकान होते. एस.टी. स्थानकावरून घरी येताना वाटेत गुत्ता लागतो म्हणून ते आयुष्यभर लांबच्या गल्लीने आले. त्यांच्या मुलाने, तेही सपत्नीक, पबाची पायरी चढावी काय? सौ.चे उत्तर तयार होते. "तुम्ही जा. मी त्या मोठ्या बागेत बसते."

ती मोठी बाग म्हणजे सेंट स्टीफन्स ग्रीन. आसपासच्या धनिकांपुरती मर्यादित असलेली ही बाग 1880 मध्ये सर्वांना खुली झाली ती लॉर्ड आर्डिलॉन यांच्या द्रव्यसाहाय्याने. आणि हे आर्डिलॉन म्हणजे गिनेस मद्यनिर्मात्यांच्या घराण्यातले! याच घराण्याच्या मूळ पुरुषाने, आर्थर गिनेसने, 1759 च्या अखेरच्या दिवशी कारखान्याची जागा वार्षिक पंचेचाळीस पौंड भाड्याने नऊ हजार वर्षांच्या करारावर घेतली होती. इतक्या मुदतीचा भाडेपट्टा माझ्या टेबलावर आला असता तर मी तो विधी विभागाकडे परत पाठवला असता. आम्ही त्या कारखान्यात गेलो नाही. पण बागेत बसून आपण मद्याच्या पैशापासून दूर राहिलो असे म्हणण्याची सोयही उरली नाही.

गुरुवारी सकाळी, गर्दी नसताना, मी एकटाच साऊथ अॅन स्ट्रीटवरील केहोज नावाचा जुना पब पाहून आलो. ‘पब’ हे ‘पब्लिक हाऊस’चे संक्षिप्त रूप. पूर्वी आयर्लंडात किराणा आणि मद्य यांचे एकच दुकान असे. केहोजमध्ये चहा, तांदूळ ठेवण्याचे जुने लाकडी खण आजही आहेत. वडिलांच्या गल्ल्यामागे अशाच खणांची मांडणी होती, पितळी मुठींसकट. मन हळवे झाले हे खरे. परंतु चहासाखर आणायला गेलेल्या गृहिणीच्या हाती त्याच काउंटरवरून व्हिस्की सहज येत असे, हेही विसरता येत नाही. या व्यसनाने घरे बुडत होती म्हणूनच 1838 पासून फादर थिओबाल्ड मॅथ्यू यांनी लक्षावधी लोकांना मद्यत्यागाची शपथ दिली. त्यांचा पुतळा ओकॉनेल स्ट्रीटवर आहे. पबांची यादी देणारे प्रवासमार्गदर्शक त्याकडे बोट दाखवत नाहीत.

शुक्रवारी आम्ही साडेसहाला घरीच भोजन उरकले. निघताना सौ.ने चप्पल घातली आणि कन्येला म्हणाली, "तुझे कौतुक ऐकायला येते. आत काही घेणार नाही, पाणीसुद्धा नाही." कन्येने मान डोलावली. ती काही बोलली असती तर रडली असती.

आतले दृश्य मी कल्पिले होते तसे नव्हते. धूर नव्हता, कामाच्या जागी धूम्रपानबंदी करणारा आयर्लंड हा 2004 मध्ये जगातील पहिला देश. आई-वडिलांबरोबर आलेली लहान मुले होती, त्यांना उन्हाळ्यात रात्री दहापर्यंत मुभा असते. आम्हांला ‘स्नग’मध्ये बसवले. हा लाकडी तक्तपोशीचा एक छोटा कप्पा. पूर्वी स्त्रिया आणि धर्मगुरू लोकांच्या नजरेआड येथे बसत. वास मात्र होता, आणि तो सौ.ला सहन होत नव्हता, हे नमूद केले पाहिजे. कन्येच्या वरिष्ठ बाईंनी तिच्या कामाविषयी पाच मिनिटे सांगितले. एका अडलेल्या प्रकल्पाचा हिशेब तिने रात्री जागून कसा जुळवला, हे आम्हांला त्या दिवशीच कळले.

कोपऱ्यात पाच-सहा माणसे वाद्ये वाजवीत होती. व्यासपीठ नाही, ध्वनिक्षेपक नाही, भजनी मंडळासारखी गोल बैठक. एक चाल संपते न संपते तोच कोणी दुसरी धरी आणि बाकीचे तीत मिसळत. त्यांतील सत्तरीच्या एका व्हायोलिनवादकापुढे चहाची किटली होती आणि कोटाच्या कॉलरला एक छोटे पदक. वरिष्ठ बाईंनी सांगितले, हे ‘पायोनिअर’. 1898 मध्ये डब्लिनलाच निघालेल्या या संघाचे सदस्य आजन्म मद्य न घेण्याचा संकल्प करतात आणि ती खूण कोटावर लावतात. मी भाषांतर करून सांगितले. सौ. म्हणाली, "म्हणजे त्यांचाही नियम आहे." मध्यंतरात तिने त्या गृहस्थांना हात जोडले. त्यांनी किटली उचलून विचारणा केली, तिने मान हलवली, आणि तेही हसले. आम्ही नऊ वाजेपर्यंत बसलो.

व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो. शेंगेन व्हिसा आयर्लंडला चालत नाही, तो वेगळा काढावा. चलन युरो आहे. बस, ट्राम व उपनगरी गाडीसाठी लीप कार्ड घ्यावे, आणि छत्रीपेक्षा टोपीचे जाकीट बरे, कारण वारा छत्री उलटवतो. विकलो स्ट्रीटवरील कॉर्न्युकोपिया हे 1986 पासूनचे शाकाहारी उपाहारगृह आहे, परंतु कांदा-लसूण आधी विचारावे. उपाहारगृहांना चौदा ॲलर्जीकारक घटक लेखी सांगावे लागतात. त्यांत अंडे येते, म्हणून केक-बिस्किटांबाबत तो तक्ता उपयोगी पडतो. कांदा त्यात नाही. डिसेंबरात दुपारी चारनंतर लगेच सूर्य मावळतो, तेव्हा सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्यांनी जाणे उन्हाळ्यातच ठरवावे.

त्या रात्री परतताना हेपनी ब्रिजवर लख्ख उजेड होता. सौ.ने कठड्याशी थांबून पिशवीतून घरची बाटली काढली. "अहो, आज सूर्यास्त नऊ सत्तावन्नला ना?" तिने विचारले. मी घड्याळ पाहिले. नऊ वाजून वीस मिनिटे झाली होती. तिने आधी कन्येला पाणी दिले, मग आपण घेतले.