हरकत नोंदवण्याचं सुख

केपटाऊनच्या वेस्टर्न केप विद्यापीठात रॉबेन बेटावरच्या कैद्यांनी लिहिलेल्या कागदांची खोकीच्या खोकी आहेत. त्यांत सामन्यांची वेळापत्रकं आहेत, बैठकांची इतिवृत्तं आहेत आणि पंचांविरुद्धच्या तक्रारी तर ढीगभर. मायना असा कडक की वाटावं, दोन कचेऱ्यांचा पत्रव्यवहार चाललाय. प्रत्यक्षात लिहिणारा आणि वाचणारा बऱ्याचदा एकाच बराकीत झोपायचे.

दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषी सरकारच्या या बेटावरच्या तुरुंगात दिवसभर खाणीत दगड फोडायचे आणि रात्री कपड्यांच्या चिंध्यांचा चेंडू करून खेळायचं, असं काही काळ चाललं. मग मैदानावर फुटबॉल खेळू द्या, अशी मागणी सुरू झाली. दर आठवड्याला कोणीतरी ती करायचं आणि शिक्षा म्हणून उपाशी राहायचं. सुमारे तीन वर्षं हे चाललं. रेडक्रॉसचा दबावही होता. शेवटी डिसेंबर १९६७मध्ये परवानगी मिळाली. जगाला दाखवायला सरकारलाही ते सोयीचंच होतं म्हणा!

कैद्यांनी 'मकाना फुटबॉल असोसिएशन' काढली. मकाना हा खोसा लोकांचा लढवय्या. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी त्याला याच बेटावर डांबलं आणि निसटताना तो समुद्रात बुडाला. नियम फिफाचे. तीन श्रेणी, त्यांनुसार लीग. सुरुवातीला संघ राजकीय पक्षांप्रमाणे पडले होते; मानोंग या संघाने मात्र पक्ष न विचारता खेळाडू घेतले आणि तो भारी पडू लागला.

मला या सगळ्यात गोलपेक्षा भांडणं जास्त आवडतात. १९७०मध्ये इतर संघांतले नामवंत खेळाडू घेऊन अटलांटिक रेडर्स नावाचा संघ उभा राहिला आणि ब्लू रॉक्सकडून एका गोलने हरला. तो गोलच वादग्रस्त. रेडर्सनी हरकत घेतली. ती फेटाळल्यावर ते पुढच्या एका सामन्याआधी चक्क मैदानात आडवे झाले. मग सुनावणी, साक्षी, अपील. प्रकरण महिनोन् महिने चाललं. आपल्याकडच्या एखाद्या गणेशोत्सव मंडळालाही इतकी चिकाटी नसेल.

हसू येतं खरं. पण ही माणसं कुठल्या न्यायालयातून आली होती ते आठवावं. तिथला कायदा त्यांनी केलेला नव्हता, त्यासाठी त्यांना मतही नव्हतं. इथे नियम छापील होता, दोन्ही संघांना सारखा होता आणि पंच चुकला असं लेखी म्हणता येत होतं. धावण्यात मोकळेपणा असेलच. खरा दिलासा मला या अर्जांमध्ये दिसतो. अर्थात सगळ्यांच्या वाट्याला तोही आला नाही. नेल्सन मंडेला वेगळ्या विभागात होते, त्यांना खेळायची परवानगी नव्हती. आणि फुटबॉलमुळे कोणाची शिक्षा एका दिवसानेही कमी झाली नाही.

डिकगांग मोसेनेके पंधराव्या वर्षी दहा वर्षांची शिक्षा घेऊन बेटावर आले. तिथेच शिकले, मकानाचे अध्यक्षही झाले. सुटल्यावर ते वकील झाले, १९९३च्या अंतरिम राज्यघटनेचा मसुदा करणाऱ्यांमध्ये होते आणि २००५पासून २०१६पर्यंत दक्षिण आफ्रिकेचे उपसरन्यायाधीश होते.