कऱ्हेकाठची टिपणं

• पुरंदर तालुक्यातल्या गराड्याच्या डोंगरात कऱ्हा उगम पावते. सासवड, जेजुरीचा परिसर, मोरगाव, बारामती असं करत सोनगावजवळ नीरेला मिळते. मुलूख अवर्षणाचा, त्यामुळे पावसाळा सरला की पात्र उघडं पडतं. तरी काठची गावं तिला ‘कऱ्हामाई’च म्हणतात.

• सासवडला चांबळी नदी तिला मिळते. संगमावर संगमेश्वराचं दगडी देऊळ आहे. गावातच सोपानकाकांची 1296 सालची समाधी. माउलींची पालखी दिवे घाट चढून आली की सासवडलाच विसावते.

• आचार्य अत्रे शेजारच्या कोडीतचे, जन्म 1898 चा. नाव, पैसा, सभा, सगळं मुंबई-पुण्यात मिळालं. आत्मचरित्राचं नाव मात्र ‘कऱ्हेचे पाणी’.

• सोमवती अमावास्येला खंडोबाची पालखी जेजुरी गड उतरून कऱ्हेवर येते. उत्सवमूर्तींना नदीत स्नान घालतात, त्याच वेळी हजारो माणसं पाण्यात उतरतात. ‘यळकोट यळकोट’चा गजर होतो, भंडारा उधळतो. ओल्या सदऱ्यांवर हळद चिकटते, केसांतून पिवळे ओघळ मानेवर उतरतात. देव भिजला की मगच वारी पावली.

• मोरगावला मयूरेश्वर. मोरया गोसावींच्या ओंजळीत मंगलमूर्ती आली ती याच नदीत, अशी श्रद्धा आहे. म्हणून भाद्रपदात आणि माघात त्यांच्या चिंचवडहून पालखी मोरगावला येते. पुढे बारामतीत मोरोपंतांनी आर्या रचल्या आणि 1794 मध्ये तिथेच देह ठेवला.

• कोरड्या पात्रात जुनी माणसं झिरा काढायची. हातभर वाळू उकरायची, आधी गढूळ पाणी येतं ते उपसून टाकायचं, थोडं थांबायचं. मग तळाशी नितळ पाणी साचतं. वाटीनं घागर भरायची. वर पाणी दिसत नसलं तरी ते खालच्या वाळूत टिकून असतं. वाळूच उपसून नेली तर झिरा आटतो आणि काठच्या विहिरीही खाली जातात.

• 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुरंदरात तुफान पाऊस झाला. कऱ्हेवरच्या नाझरे धरणातून पाणी सोडावं लागलं, बारामतीत हजारो लोकांना घरं सोडावी लागली. वर्षानुवर्षं कोरडी दिसली म्हणून नदीची जागा आपली होत नाही.

• कऱ्हा नीरेत, नीरा नरसिंगपूरला भीमेत आणि भीमा पुढे पंढरपुरात. सासवडचं पाणीही वारीच्याच वाटेनं जातं.

• जेजुरीला जाल तेव्हा गडावरूनच परतू नका, कऱ्हेवरही जा. भंडाऱ्याची पिशवी, निर्माल्य तिच्यात टाकू नका. आणि काठच्या गावकऱ्यांनो, घाटाच्या रंगरंगोटीआधी पात्रातली वाळू राखा. देवाच्या स्नानाला पाणी हवं असेल, तर पहिलं काम हेच.