माउसला हात न लावण्याचा हट्ट

सेकंड इयरला मला लिनक्सचं वेड लागलं आणि त्याबरोबर थोडी मिजासही आली. सेटिंग बदलायला खिडकी उघडून टिक करतात ते कच्चे, आणि थेट फाइल उघडून लिहितात ते पक्के, अशी मी अख्ख्या होस्टेलची वाटणी करून टाकली होती.

रूममेटची एक्स्टर्नल हार्ड डिस्क आम्ही दोघी वापरायचो. मशीन सुरू होताच ती आपोआप जोडली जावी म्हणून मी 'एफएसटॅब' या फाइलमध्ये एक ओळ टाकली. डिस्क कोणती, ती कुठे दिसावी, फाइल सिस्टिम कोणती, पर्याय कोणते आणि शेवटी दोन आकडे, असे सहा रकाने. पर्यायांच्या रकान्यात 'डिफॉल्ट्स' लिहून मी मोकळी झाले. दोन महिने सगळं छान चाललं.

मग आलं सबमिशन. दुसऱ्या ब्रांचची रूममेट आदल्याच दिवशी घरी गेली, डिस्क घेऊन. रात्री मशीन सुरू केलं. पडद्यावर दीड मिनिट सेकंद मोजले गेले आणि पुढे 'इमर्जन्सी मोड'. डेस्कटॉप नाही, माउस नाही. रिपोर्ट आत आणि मी बाहेर! रडू फुटायचंच काय ते बाकी होतं.

शेजारच्या खोलीतल्या फायनल इयरच्या ताईला उठवलं. ती डोळे चोळत म्हणाली, "अगं, काय म्हणतंय ते आधी वाच ना!" बारा वर्षं कॉन्व्हेंटमध्ये इंग्रजी शिकले, पण समोरचं इंग्रजी घाबरून वाचलंच नव्हतं. लॉगमध्ये स्वच्छ लिहिलेलं: ही डिस्क सापडत नाही. मशीन बिचारं माझाच हुकूम पाळत होतं. ताईने 'नॅनो'मध्ये फाइल उघडायला लावली आणि माझ्या ओळीआधी हॅशचं चिन्ह टाकायला सांगितलं. रीस्टार्ट. डेस्कटॉप हजर!

जाताना ती म्हणाली, "डिस्क परत आली की हेच काम 'डिस्क्स'च्या खिडकीतून कर, आणि मग फाइल बघ."

बघितली. खिडकीनेही त्याच फाइलमध्ये ओळ लिहिली होती! फक्त पर्यायांत 'नोफेल' हा शब्दही होता. म्हणजे, डिस्क नसेल तर अडून बसू नकोस, पुढे जा. ज्या टूलला मी कच्च्यांचं म्हणत होते, त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. गर्वाचं घर खाली, दुसरं काय! पण त्या रात्री डेस्कटॉपच नव्हता, तेव्हा खिडकी कुठून उघडणार? तिथे फाइलच कामाला आली.

आता मी आधी फाइलची कॉपी ठेवते, बदल खिडकीतून करते आणि 'डिफ' लावून काय बदललं ते पाहते. असं करत करत बरंच शिकले.

तेव्हा मैत्रिणींनो, मशीन अडलं तर रात्री दोन वाजताही मला उठवा. फक्त येण्याआधी पडद्यावरचं वाचून या!