पिच्चर पाहून झाल्यावर

जुने चित्रपट कुठे हरवलेले नाहीत. 'श्यामची आई' हवा तेव्हा मोबाइलवर लागतो, 'सांगते ऐका'ही सापडतो. अलीकडे घरी एकेक जुना चित्रपट लावत गेलो, बरोबर घरातली आणि शेजारची वडीलधारी मंडळी बसत गेली. तेव्हा जाणवलं की पिच्चर पाहून झाल्यावर जे बोललं जायचं ते आता विरळ होत चाललंय. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या माणसांची पिच्चर जोखायची स्वतःची मापं होती. त्यांतली काही इथे टिपून ठेवतो.

रातभर तीन

कलर टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी, असा संच एका रात्रीसाठी भाड्याने यायचा. निमित्त बारशाचं, गणपतीचं, कधी नुसत्या वर्गणीचं. वीज नसलेल्या गावात जनरेटर बैलबंडीतून आणायचा. क्रम ठरलेला असे. म्हाताऱ्या जाग्या आहेत तोवर 'जय संतोषी माँ'सारखा देवाधर्माचा, मग दादा कोंडके, आणि पोरं झोपली की मारधाडीचा. चित्रावर पांढऱ्या रेघा आल्या की संचवाला झाकण उघडून कोऱ्या नोटेने हेड पुसायचा. तेवढ्या वेळात अंगणभर मतं सुरू व्हायची. सुनेचं चुकलं की सासूचं, हिरोने बापाला उलटं बोलायला हवं होतं की नको. चित्र परत आलं तरी वाद मिटलेला नसे.

अर्धा राहिलेला पिच्चर

रविवारी संध्याकाळी दूरदर्शनवर हिंदी चित्रपट लागायचा आणि नेमकी तेव्हाच वीज जायची. दुर्गापूरचं महाऔष्णिक वीज केंद्र चंद्रपूर जिल्ह्यातलंच. भारनियमनाच्या दिवसांत त्याची क्षमता २३४० मेगावॉट होती. कोळसा इथला, धूर इथला, आणि आसपासच्या खेड्यांत मात्र रात्री कंदील. याची चीड अजून गेलेली नाही.

अशा वेळी पिच्चरचा शेवट गावाला रचावा लागे. 'मदर इंडिया' (१९५७) अर्ध्यावर गेला तेव्हा दोन तट पडले होते. आई पोटच्या पोरावर बंदूक उचलेल का? एक म्हातारी ठाम होती. "पैशापायी नाही मारत. गावच्या पोरीच्या अब्रूसाठी मारते." शेवट तिने पाहिलेलाच नव्हता. सावकाराची मुलगी पळवणाऱ्या बिरजूला राधा गोळी घालते, हे गावाला पुढे केव्हातरी कळलं. आता वीज गेली तरी चित्रपट मोबाइलवर पुरा होतो, त्यामुळे शेवटाचा अंदाज बांधायची गरज कुणाला पडत नाही.

बैलाकडे पाहणारा

'दो आँखें बारह हाथ' (१९५७) परवा पुन्हा पाहिला. सहा खुनी कैद्यांना मोकळ्यावर ठेवून शेती करवणाऱ्या जेलरची ही गोष्ट. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला झालेल्या खुल्या तुरुंगाच्या प्रयोगावरून ती सुचली. त्यात बैलाशी झुंज आहे. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, उमेदीची वर्षं घातलेले एक आजोबा तेवढ्या प्रसंगापुरते टीव्हीजवळ सरकले. म्हणाले, "हा बैल शिकवलेला नोहे. मानूस खराच भिऊन राह्यला." या झुंजीच्या चित्रीकरणात व्ही. शांताराम यांच्या डोळ्यांना दुखापत झाली होती, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. बैलाचे कान आणि खांद्याची ठेवण पाहून ते बोलले.

बैलगाडा शर्यतींवरची बंदी डिसेंबर २०२१ मध्ये उठली, पट पुन्हा भरू लागले. पण घरोघरच्या गोठ्यातली जोडी ट्रॅक्टरने घालवली. रोज बैलाच्या तोंडाकडे न पाहिलेल्या माणसाला हे मत देता येणार नाही.

झाडं ओळखणारे

आलापल्लीच्या सागवानात वाढलेला माणूस पिच्चरमध्ये आधी झाड पाहतो. साग निष्पर्ण आहे की पानांनी भरलाय, यावरून तो महिना सांगतो. नायिका सावन आला म्हणते आणि मागे पळस लालबुंद फुललेला असतो, तेव्हा तो हमखास बोलतो. पळस फाल्गुनातला. नंतर मोहफुलं, नंतर तेंदूपत्ता, नंतर पाऊस. ज्यांच्या वर्षभराच्या मिळकतीचं वेळापत्रक या झाडांवर आहे, त्यांना असली चूक खटकणारच. जुन्या हिंदी चित्रपटांतल्या आदिवासी नाचाबद्दल एक बाई म्हणाल्या होत्या, "एवढी पिसं लावून रानात कोन फिरते? झुडपात नाही अडकत?" अशा टिपणीत चित्रपटाची सगळी परीक्षा येते. घरातली पुढची पिढी नागपूर-पुण्याला गेली. तिला पळस ओळखू येतो, पण महिन्याशी त्याची सांगड लगेच लागत नाही.

मोहोळाबद्दल

'जैत रे जैत' (१९७७) गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवर जब्बार पटेलांनी केला. ठाकरांची वस्ती, लिंगोबाचा डोंगर, डोळा गमावलेला नाग्या आणि मधमाश्यांवर त्याने धरलेला डूख. मोहन आगाशे, स्मिता पाटील आणि हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत, हे सगळं मला आजही तितकंच थोर वाटतं.

आमच्याकडे मध काढणाऱ्या एका काकांना मात्र नाग्याचा राग पटला नाही. त्यांच्या मते आग्या मोहोळाकडे रागाने जाताच येत नाही. हात थरथरतो, धूर नीट लागत नाही. शिवाय पोळं पुरं कापायचं नसतं, थोडं मागे सोडायचं असतं, तरच पुढल्या साली माश्या येतात. "हा तर डूख काढून राह्यला, मध नाही," ते म्हणाले. चित्रपटाचा गाभाच त्यांनी नेमका पकडला. मला त्यात शोकांतिका दिसत होती, त्यांना जंगलाच्या रीतीचा भंग दिसला. दोन्ही एकच असावं, असं त्यानंतर वाटू लागलं.

दुभाष्या

एका भाषेतला पिच्चर दुसऱ्या भाषेत सांगणं, हे सगळ्यात झपाट्याने जातंय. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झाला, पण भाषा त्यात आधीपासूनच अनेक. सिरोंच्याला प्राणहिता गोदावरीला मिळते आणि घरात तेलुगू बोलली जाते. तिथे 'मायाबजार' (१९५७) पाहताना शेजारच्या मराठी घराला सांगावं लागे, ही शशिरेखा म्हणजे तुमची वत्सला. लगेच अभिमन्यू-घटोत्कचाची गोष्ट दोन्हीकडून सांगितली जाई, आणि कुणाच्या घटोत्कचाने मेजवानी जास्त फस्त केली यावर चर्चा रंगे.

मुलचेरा-चामोर्शीकडे पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची गावं आहेत. दूरदर्शन रविवारी दुपारी प्रादेशिक भाषांतले चित्रपट दाखवायचं. त्यात बंगाली चित्रपट असला की ही मंडळी आसपासच्यांना अर्थ सांगत. परवा आमच्या घरी 'पथेर पांचाली' (१९५५) लावला, तेव्हा सांगणारं कुणी नव्हतं. दुर्गा पावसात भिजून नाचू लागली आणि शेजारच्या आजी पुटपुटल्या, "हिले आता ताप भरन." भाषेचा एक शब्द त्यांना कळत नव्हता. पावसाळ्यातल्या तापाने पोरं नेलेली त्यांनी पाहिली होती.

भामरागड-एटापल्लीकडे आश्रमशाळेत शिकलेला पोरगा घरच्यांना हिंदी पिच्चर माडियात सांगत बसायचा. तो नुसता अर्थ सांगत नसे. शहरातला कारखानदार त्याच्या तोंडी जंगलातला ठेकेदार व्हायचा आणि खलनायकाच्या हाती तेंदूपत्त्याचा हिशेब यायचा. म्हातारे त्याला मध्येच थांबवून विचारत, मग गावाने बैठक का नाही बोलावली? पडद्यावर बैठक नसली, तर पोरगा ती आपल्या पदरची घालायचा. आता प्रत्येकाच्या हातात वेगळा पडदा आहे, कानात बोंडं आहेत, आणि हिंदी सगळ्यांना थोडीफार कळते.

रोवणीतली गोष्ट

धानाचे पऱ्हे रोवताना बायांची रांग मागे सरकत जाते, आणि रांगेतली एक पिच्चर सांगत असे. 'माहेरची साडी' (१९९१) मी आधी असा ऐकला. न पाहिलेल्या बायाही डोळे पुसत होत्या, चिखलाच्या हाताने पुसता येत नाही म्हणून मनगटाने. सांगणारी थांबून प्रत्येकीचं मत घ्यायची. नवऱ्याने कुठे तोंड उघडायला हवं होतं, भावाने काय करायला हवं होतं. तिथे ऐकलेली मतं मला कुठल्याही परीक्षणात वाचायला मिळाली नाहीत. त्या बोलणाऱ्या बायांनी तसली घरं आतून पाहिली होती. आता बांधीवर कुणाच्या तरी मोबाइलवर गाणी लागलेली असतात आणि गोष्ट कुणी सांगत नाही.

नाटकाच्या मापाने

वडशाच्या नाटक कंपन्या धान कापून झालं की गावोगाव निघतात आणि नाटक रातभर चालतं. झाडीपट्टीच्या या रंगभूमीवर आयुष्य घातलेल्या डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. नाटक टिकून आहे, याचा अभिमान आहे. पण त्याच्या मापाने पिच्चर मोजणारे कमी झाले.

'पिंजरा' (१९७२) पाहून एक जुने नाटकवाले म्हणाले होते, मास्तर फार लवकर ढळला. नाटकात आम्ही त्याला अर्धी रात्र झुंजायला लावला असता. मास्तर झालेल्या डॉ. लागूंचं काम त्यांना अतिशय आवडलं होतं, म्हणूनच त्यांना ही घाई सहन होत नव्हती. त्यांच्या या मताशी मी सहमत आहे.

लहान्या भिकू

'आक्रोश' (१९८०) विजय तेंडुलकरांनी लिहिला, गोविंद निहलानींनी दिग्दर्शित केला. बायकोच्या खुनाचा आरोप असलेला आदिवासी लहान्या भिकू कोर्टात तोंड उघडत नाही. ओम पुरी जवळजवळ पूर्ण चित्रपटभर फक्त डोळ्यांनी बोलतात. या गप्पपणावर खूप लिहिलं गेलंय. पण आमच्या घरी तो संपल्यावर एका वडीलधाऱ्या माणसाने विचारलं, "त्याच्या बोलीत इचारलं का कोनी त्याले?" ते स्वतः जमिनीच्या दाव्यात कोर्टाच्या पायऱ्या चढलेले. आपल्या नावापलीकडे तिथलं काही त्यांना उमजलं नव्हतं. माझ्या लेखी या चित्रपटावरचं हे सगळ्यात मोलाचं मत आहे, आणि ते या जंगलातून आलंय.

राहिलेलं

चित्रपट जपायला पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. चित्रपट पाहणाऱ्यांचं बोलणं जपायला काही नाही, आणि बोलणारी माणसं सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांना बोलतं करायला विशेष काही लागत नाही. एक जुना चित्रपट, चार माणसं आणि सगळ्यांना दिसेल असा पडदा पुरे. मध्ये बोललं तर गप्प बसवू नका. जे बोललं जाईल ते त्याच बोलीत उतरवा, सुधारू नका. 'जैत रे जैत' लावाल तर मध काढणाऱ्याला बोलवा आणि शेवट पटला का ते विचारा. तो नाही म्हणाला तर का ते विचारा, आणि पहिल्यांदा तेच लिहून ठेवा.