वीतभर अंतर

आमच्या नाकावर चष्मा चढला तो सातवीत असताना. फळ्यावरची गणिते आम्ही शेजाऱ्याच्या वहीतून उतरवतो, हे उघडकीस आल्यावर आमची नजर अधू असल्याचे घरी कळले. तोवर ते सारे आळसाच्या खाती जमा होते. पुढची तीस वर्षे चष्म्याने साथ दिली. रत्नागिरीत चष्मा सांभाळणे हे वेगळेच काम आहे. पावसाळ्याचे चार महिने काचेवर थेंब, आणि उरलेले आठ महिने खाऱ्या वाऱ्याचा चिकट थर. मांडवीच्या जेटीवर उभे राहावे तर समुद्रापेक्षा काचच अधिक दिसे. म्हणून बेचाळिसाव्या वर्षी लेसर शस्त्रक्रियेचे ठरवले, तेव्हा कोणालाच त्यात नवल वाटले नाही.

थबकले ते एकटे नेत्रतज्ज्ञ. कोल्हापूरला तपासणीसाठी गेलो असता त्यांनी विचारले, "वाचताना चष्मा घालता की काढता?"

"काढतो," आम्ही म्हटले.

"मग नीट विचार करा."

त्यांचे म्हणणे असे की, उणे साडेपाचाचा डोळा दूरचे पाहू शकत नसला तरी अठरा-वीस सेंटिमीटरवरचे अक्षर त्याला चष्म्याविना स्वच्छ दिसते. चाळिशीनंतर डोळ्यातील भिंग ताठर होऊ लागते. इतरांना तेव्हा वाचण्यासाठी चष्मा घालावा लागतो, तर आमच्यासारख्यांना तो नुसता काढला की पुरते. दूरची नजर सुधारली की ही सवलत संपते. एका डोळ्यात थोडा नंबर राखून ठेवण्याची तोडही त्यांनी सुचवली. आम्ही ती नाकारली. पैसे मोजून अर्धवट दृष्टी कशाला घ्यायची, असा आमचा तोरा.

आम्ही काय देऊन बसणार होतो, हे वाङ्मयाच्या अभ्यासकांना सांगायला हवे. निर्णयसागरच्या 'रघुवंशा'त श्लोकाखाली मल्लिनाथाची टीका बारीक टाइपात असते. ती आम्ही नेहमी चष्मा काढून, पुस्तक नाकाशी नेऊन वाचली. त्या वीतभर अंतरात अक्षराखेरीज काही उरतच नसे. खोली, खिडकी, घड्याळ सगळे धुक्यात जाई. जिला एकाग्रता म्हणून आम्ही मिरवले, ती बव्हंशी या अधूपणाचीच देणगी होती.

शस्त्रक्रियेच्या दिवशी डोळे बधिर करणारे थेंब घातले आणि पापण्या चिमट्याने उघड्या रोखल्या. डोळ्यावर कडे दाबले गेले तेव्हा काही क्षण सारे काळे झाले. खरी भीती वाटली ती तेवढ्यातच. मग पारपटलाचा पातळ पापुद्रा बाजूला उलटला गेला, समोरचा दिवा विरघळला, टकटक आवाज सुरू झाला आणि केस जळल्यासारखा वास आला. वास्तविक जळत काहीच नव्हते. १९३ नॅनोमीटरच्या या अतिनील किरणांनी रेणूंचे बंध तुटतात आणि ऊती थराथराने उडून जाते. भोवतालचा भाग भाजत नाही. मद्रासेत जन्मलेल्या रंगस्वामी श्रीनिवासन यांनी १९८१ साली अमेरिकेत, आयबीएमच्या प्रयोगशाळेत, सहकाऱ्यांसह हा गुण ताडला. त्यासाठी त्यांनी सणाच्या जेवणातून उरलेला टर्कीचा तुकडा वापरला होता. दोन वर्षांनी स्टीफन ट्रोकेल या नेत्रशल्यविशारदाबरोबर त्यांनी हे किरण जनावराच्या पारपटलावर वापरून पाहिले. आमच्या डोळ्यांतून जो भाग उडाला, त्याची जाडी सुमारे एका केसाएवढी. तीस वर्षांचा चष्मा तेवढ्याशा जाडीत मावला होता.

दुसऱ्या दिवशीची तपासणी आटोपून, काळा चष्मा लावून आंबा घाटाने घरी आलो. डोळे चोळायचे नाहीत, पाणी जाऊ द्यायचे नाही, ठरल्या वेळी थेंब घालायचे, आणि काही दिवस वाचन बंद. शेवटची अट जड गेली. आईने मग 'स्मृतिचित्रे' वाचून दाखवायला घेतले. हे पुस्तक आम्ही वर्गात कितीदा शिकवले होते. त्यातल्या विनोदाच्या प्रकारांची टिपणे आमच्यापाशी आहेत. पण वाचता वाचता आई हसू लागली, तिला पुढचे वाचवेना, तेव्हा ती टिपणे काढताना आपण स्वतः कधी हसलो होतो का, हे आम्हाला आठवेना. "तुम्ही मास्तर लोक पुस्तकाला फार चिकटून बसता," डोळे पुसत ती म्हणाली.

महिन्याभराने भगवती किल्ल्यावर गेलो. मिरकरवाड्याच्या होड्यांवरची निशाणे रंगांसकट वेगवेगळी ओळखू आली. अंधार पडल्यावर दिव्यांभोवती कडी दिसत, तीही हळूहळू विरली. हा आनंद खोटा नव्हता आणि तो आम्ही नाकारत नाही.

मात्र १८२८ पासून चालत आलेल्या आमच्या नगर वाचनालयात जाऊन जुने पुस्तक सवयीने नाकाशी नेले, तेव्हा पानावर नुसत्या मुंग्या होत्या. हात लांबवला तेव्हा अक्षरे जुळली, पण बारीक टाइप तेवढ्याने वाचवेना. एवढ्या दुरून एखाद्याचे बोलणे ऐकावे, तसे वाटले. समोर भिंतीवरचे घड्याळ मात्र लख्ख दिसत होते. त्या दिवशी एका तासात आम्ही त्याच्याकडे किती वेळा पाहिले, ते सांगण्यासारखे नाही.

आता खिशात वाचायचा चष्मा असतो, दीड नंबरचा. तो लावला की टीका नीट लागते आणि वरचे घड्याळ थोडे पुसट होते. तेवढ्याने बरे वाटते.